झाकणावरचा देव

ति. अक्कास धाकट्या उकंडाचा दंडवत. तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला गेला का? पिंपळगाव राजात सारं ठीक असंन. मी बरा आहे असं कोकिळा (तुझी भावजय) म्हणते, म्हणजे असंनच.

अक्का, माह्या पोरीच्या, पूनमच्या लग्नात तू शालूसकट आमच्या दारच्या नालीत पडली, आन् "ही नाली हाय तोवर तुह्या उंबऱ्याले पाय लावणार नाही" म्हणून जी गेली ते गेलीच. तर ऐक, नाली बुजली! पालिकेनं जमिनीखालून गटार टाकलं. घरोघरचं सांडपाणी आता खालच्या खाली गावाबाहेर जाते, तिथं साफ होते, मंग वावराले (त्याच्यासाठी लोक आतापासूनच भांडून राह्यले). मच्छर कमी झाले. संध्याकाळी बाया पुन्हा ओट्यावर बसतात, म्हणजे माही निंदा पहिल्यासारखी सुरू झाली.

पण मधात भानगड झाली. काम सुरू करतानाच्या पूजेतला शेंदरी गोटा फेकवेना म्हणून आमच्या शेजारच्या कचरूनं (भलता देवभोळा माणूस) तो दारच्या गटाराच्या झाकणावर ठेवला. शनिवारी कोणी तेल वाह्यलं. झाकणाले उचलायसाठी दोन भोकं असतात, त्यात फूल टाकलं की गडप. झालं! "देव घेते" अशी बोंब उठली. फुलं, नारळाच्या शेंड्या, ओटीचे खण, देवानं सारं घेतलं. मंग एक दिवस देवाचं पोट भरलं, आन् साऱ्या गल्लीचं पाणी उलटं न्हाण्यांत आलं. (कचरूच्या घरच्या दोडक्याच्या साली मी आमच्या न्हाणीत ओळखल्या.)

गटार साफ करायची गाडी आली. पण देव हलवते कोण? ड्रायव्हरनं कानाले हात लावले. कचरू घरात दडला. तवा गल्लीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या सिंधूताई म्हणाल्या, "उकंडरावाले बोलवा. जो जन्मताच उकंड्यावर लोळला, त्याले कोणता देव काय करते?"

या नावापायी ऑफिसात जन्मभर माही थट्टा झाली, अक्का. पण त्या दिवशी छाती फुगली. माह्या आधीची भावंडं गेली म्हणून मायनं मले शेण-कचऱ्याच्या ढिगावर, उकंड्यावर टाकलं, आन् तुनं, परकरातल्या पोरीनं, सूपभर कोंडा देऊन विकत घेतलं, म्हणून मी जगलो, असं माय सांगे. तेच आठवून गोटा उचलला आन् निंबाखाली नेऊन ठेवला. गाडीनं नळी घातली, आतून घळघळ आवाज आला, गल्लीनं टाळ्या वाजवल्या. मले मात्र रडू आलं. तुही लय याद आली.

तवा दिवाळीले माहेरी ये. नाली राह्यली नाही, तुहा शब्दही मोडत नाही.

तुहाच,
उकंडा

ता. क. कोकिळा म्हणते, खरं काय ते लिहा. नाली बुजली हे खरंच. पण पाइपासाठी खोदलेली चारी खचली, आन् दारापुढं नालीहून मोठा खड्डा झाला. वर फळी टाकली आहे. फळी हालते.

पुन्हा ता. क. म्हणून एकटी येऊ नको. स्टँडवरच थांब, मी घ्यायले येतो. फळीवर तुहा हात सोडणार नाही, पडलो तर दोघं पडू. शालू तेवढा नेसू नको.