पाळण्यातली अकरा

४ फेब्रुवारी १९९६, रविवार

बसने मागडी गावाला जाऊन आलो. घरी सांगितलं, दाताच्या डॉक्टरकडे जातो. सकवार म्हणाली, "रविवारी कुठला डॉक्टर?" चपला घातल्या आणि निघालो. बायकोशी खोटं बोलणं या वयात झेपत नाही.

शिवाप्पाचं जुन्या सामानाचं दुकान म्हणजे गेलेल्या माणसांची अडगळ. कंदील, घड्याळं, आरामखुर्च्या. खुर्चीत बसताना वाटतं – हिच्यात कोण गेलं असेल? मागच्या भिंतीशी पाळणा दिसला. शिसवी, पितळी साखळ्या, चार कोपऱ्यांना चार पोपट.

शिवाप्पा त्याच्या कानडी अदबीने म्हणाला, "रायरे, असले पाळणे हॉटेलवाले नेतात, कुंड्या ठेवायला. तुम्हाला कशाला?"

म्हटलं, मूल ठेवायला.

"अय्यो! तसं मागणारे तुम्ही पहिलेच."

आमची नात भव्या बाळंतपणाला आली आहे. आठवा महिना. आधी दोनदा राहिलं नाही. दुसऱ्या खेपेला तर याच दिवसांत गेलं. आमच्या घरात बाळाला कोऱ्या पाळण्यात घालत नाहीत. ज्यात मुलं वाढली, जगली, असाच लागतो. आमचा वाटणीत धाकट्या भावाकडे गेला, आणि त्याने तो फोडून बंबात घातला.

शिवाप्पाला विचारलं, यात कोण वाढलं? म्हणाला, जज्ज. थोड्या वेळाने म्हणाला, डॉक्टर. कसा विश्वास ठेवू?

७ फेब्रुवारी

भव्याला सकाळी उचकी लागली. उचकी वाईट असते का?

११ फेब्रुवारी, रविवार

पुन्हा 'दाताला'. शिवाप्पा कंटाळून म्हणाला, "ज्यांच्याकडून घेतला त्यांनाच विचारा. देवळामागे राहतात."

भीमाचार्य. एक्क्याऐंशी वर्षांचे, आणि घराच्या पायऱ्या माझ्या आधी चढून गेले. म्हणाले, "आम्ही अकरा भावंडं. सगळी त्याच पाळण्यातली. मी शेंडेफळ."

जीव भांड्यात पडला. तिथेच थांबायला हवं होतं. मी विचारलं, आता किती आहेत?

"मी एकटाच."

कॉफी अर्धी टाकून उठलो. अकरांतला एक! शिवाप्पाला सांगून आलो, पाळणा नको.

१२ फेब्रुवारी

सकवार म्हणाली, "आ करा. बघू कुठला दात काढला."

सगळं सांगून टाकलं. ती पदर तोंडाला लावून हसत सुटली. "अहो, एक्क्याऐंशीच्या धाकट्याला विचारता थोरले कुठे गेले? तुमची भावंडं तरी किती उरलीत?"

माझं एकही उरलं नाही. पाचही जण धडधाकट वाढलो होतो. हे मला कसं सुचलं नाही?

"जा, नीट विचारून या," म्हणाली. "पण पाळणा आत्ता घरात नको. आधी बाळ, मग पाळणा."

१३ फेब्रुवारी

आचार्यांनी बोटांवर मोजत सांगितलं. थोरली वेणक्का त्र्याण्णव वर्षांची होऊन गेली. तिच्या पाठचा ऐंशीला. एक जण सत्तराव्या वर्षी विहिरीत पोहायला उतरला. "त्याची बायको अजून त्याच्यावर चिडलेली आहे," म्हणाले. लहानपणी कोणी? "कोणी नाही. जेवायला कमी पडायचं, पण पाळण्यातून सगळे उठले."

धावत दुकानात. शिवाप्पा म्हणाला, "काल हॉटेलवाला येऊन गेला." मी मागच्या भिंतीकडे बघितलं. "दिला नाही. तुम्ही परत येणार हे तोंडावरच दिसत होतं."

बाळ येईपर्यंत पाळणा त्याच्याचकडे. म्हटलं, रिकामा हलवू नको, वाईट असतं. त्याने त्यात पितळी तांबे भरून ठेवले. "आता तर रिकामा नाही ना, रायरे?"

२२ मार्च

मुलगी. दोघी सुखरूप. आज इतकंच पुरे.

३० मार्च

शिवाप्पा टेम्पोतून पाळणा घेऊन आला. आचार्य पुढे ड्रायव्हरशेजारी बसून. "पाळणा नीट लावतात की नाही बघायला आलो," म्हणाले. साखळ्या त्यांनी स्वतः ओढून पाहिल्या. मी पण पाहिल्या. मग पुन्हा एकदा पाहिल्या.

भव्याने सिद्धी नाव ठरवलं आहे. नातजावयाला बहीण नाही, म्हणजे बाळाच्या कानात नाव सांगायला आत्या नाही. सकवार म्हणाली, "आचार्य याच पाळण्यातले. ते सांगतील." मला धास्ती – ऐनवेळी विसरले तर?

२ एप्रिल

बारसं झालं. आचार्य पाळण्यावर वाकले, कानात बोलले, आणि वर उठेचनात. डोळ्यांना उपरणं लावून म्हणाले, "तोंडातून आमच्या थोरल्या वेणक्काचं नाव गेलं."

सगळे भव्याकडे बघायला लागले. ती पाळण्याजवळ गेली, दोरी हातात घेतली.

"सरी, वेणक्का तर वेणक्का," म्हणाली. "झोप आता."