राहीची दोन पानं

आगरदांडा, रविवार, ता. ५ एप्रिल १९३१

आलो एकदाचा! होडीतून उतरताना पाय भिजले, वळकटी भिजली, दौत मात्र कोरडी राहिली. छापखान्यातल्या रामचंद्राने महिनाभरासाठी दिलेलं हे घर धक्क्याच्या वर, डोंगराच्या पायथ्याशी आहे. मागे पुरुषभर वाळलेलं गवत, पुढे खाडी आणि पलीकडे दिघी. शेजारच्या आवडाबाईने आल्याआल्या पेज आणि सुकटीची चटणी आणून दिली. गिरगावात इतकं चांगलं जेवण वर्षभरात मिळालं नव्हतं.

छापखान्यात मुद्रितं तपासून डोळ्यांची वाट लागली आहे, तरी रजा काढून इथेही लिहायलाच आलोय. राहीला जाऊन वर्ष होत आलं. आमची मैना पाच वर्षांची, दिघीला मामाकडे, हरेश्वरकडे असते. आई कशी होती विचारलं तर आताच गोंधळते. म्हणून रोज दिवेलागणीला बसायचं आणि राहीबद्दल दोन पानं लिहायची, मैनेला मोठेपणी वाचायला. एक दिवसही चुकवायचा नाही. पुढच्या रविवारी हरेश्वर तिला होडीने इकडे आणणार आहे.

ता. ६

आजची पानं राहीच्या बांगड्यांवर. डाव्या हातात हिरव्या चुड्यात एकच निळी बांगडी घालायची. का, ते कधी सांगितलं नाही. विचारलं की हसायची.

लिहून उठतो तो मागच्या दारी एक बाई. डोक्यावरून पदर, हातात करवंटी. विस्तव हवा होता. चुलीतले दोन निखारे दिले. ती डोंगराच्या वाटेने वर गेली. आल्याबरोबर शेजारधर्म पाळला म्हणून मला बरंच वाटलं.

ता. ८

काल सकाळपासून डोंगर पेटलाय. वणव्याच्या भीतीने दुकानदाराने घासलेटचे सगळे डबे मुरुडला हलवले. माझ्याकडे कंदीलभर उरलंय.

आवडाबाईला त्या बाईबद्दल विचारलं. तिचा चेहराच उतरला. वर एकही घर नाही म्हणाली. "दिवे लागल्यावर इस्तू घराभायेर द्यायचा न्हाय, भाऊ. मागनारं कोन हाय, कळत न्हाय." मी हसण्यावारी नेलं.

संध्याकाळी ती पुन्हा आली. पुढे केलेल्या हातात हिरवा चुडा होता, आणि त्यात एक निळी बांगडी.

विस्तव दिला. नाही म्हणवलं नाही.

ता. ९

घासलेट संपलं. खोबरेलाची पणती लावून लिहितोय. अक्षर कोंबडीच्या पायांसारखं येतंय, पण नेम मोडला नाही. काल लिहिलं होतं, राही उंबऱ्याशी आली की डावी टाच उजव्या पावलावर घासायची. आज ती बाई उंबऱ्याशी उभी राहिली आणि तिने तशीच टाच घासली.

मी जे लिहितो ते पुढच्या खेपेला तिच्यात येतं. भ्यालो. आणि खरं सांगायचं तर आनंदही झाला, वर्षभरात झाला नव्हता इतका.

वणवा अर्ध्या डोंगरावर उतरलाय. आवडाबाई म्हणते, खाली धक्क्यावर झोपायला चला. मी गेलो नाही. मग दोन पानं कुठे लिहिणार?

ता. १०

काल राहीचा आवाज लिहिला होता. बोलण्याआधी घसा खाकरायची, मग म्हणायची, "अहो, ऐकलंत?"

आज दाराबाहेरून तेच ऐकलं. दार उघडून ढसाढसा रडलो. मागितला त्याहून जास्त विस्तव दिला.

घटकाभरात आवडाबाईचा गोठा पेटला. वासरू आत होतं. ती राखेकडे बघत बसली. माझ्याच चुलीतला विस्तव — हे मी तिला सांगितलं नाही.

ता. ११

विस्तव द्यायचा नाही, असं ठरवलं होतं. तिने मागितलाच नाही. काल मी लिहून गेलो होतो की मैनेला मांडीवर घेतल्याशिवाय राहीच्या घशाखाली घास उतरत नसे, जाईल तिथे लेकीला बरोबर न्यायची —

कसं लिहिलं मी हे? आज ती म्हणाली, "अहो, ऐकलंत? मैना कुठाय?"

दार लावलं. राहीची सगळी पानं चुलीत घातली. ती बाहेर तशीच उभी — निळ्या बांगडीसकट.

ता. १२, रविवार

धुराने भरदुपारी तिन्हीसांज झालीय. पणतीची गरज नाही. खिडकीतून वणव्याचा उजेड येतोय, लिहायला पुरतो.

होडी दिघीहून निघालीय. पुढे मैना उभी, लाल परकर. धक्क्यावर ती बाई. मघाशी दोनदा खाली गेलो. वाटेत आडवी आली — राहीचाच चेहरा, पूर्ण, पण अंगाला हात लावला तर चटका — हात भाजलाय. ओरडलो, वाऱ्याने आवाज पोचत नाही. मैना तिला हात हलवतेय. तिला आई दिसतेय.

एकच गोष्ट मी इतक्या पानांत लिहिली नाही. सगळं लिहिलं — बांगड्या, टाच, आवाज. तेवढं एक टाळलं. लिहीन ते खरं होतं. मग तेही होईल.

पण मग ती पुन्हा जाणार — दुसऱ्यांदा — आणि या वेळी माझ्याच हाताने —

मैना, मला माफ कर. तुझी आई मला फार हवी होती गं.

गेल्या चैत्रात, सकाळी —

ती वळली. धक्का सोडला. इकडे, घराकडे येतेय. बरं झालं. मैनेपासून लांब.

गेल्या चैत्रात, सकाळी, गिरगावातल्या आमच्या खोलीत, तापाने —

उंबऱ्याशी टाच घासली. घसा खाकरला. अहो, ऐकलंत? नका लिहू म्हणतेय. रडतेय. राही अशीच रडायची, हुंदका गिळून — हे तर मी कधी लिहिलंच नव्हतं —

होडी धक्क्याला लागतेय. लिहितो. मैना, तापाने त्या सकाळी तुझी आई राही