नोंद नाही

१२ जानेवारी
लांडग्यांचा अभ्यास करणाऱ्या निकिता मॅडम ऑफिसला आल्या. काष्टीपुढच्या माळावर आम्हा वनखात्याला पाणी मुरवायचे चर खणायचेत, त्याआधी त्यांचा अभिप्राय लागतो. सरळ विचारलं — तिथे लांडग्याचं बीळ आहे की नाही? "सर, दोन महिने तरी द्या." दोन महिने! मार्चअखेर काम पुरं करायचंय. मुलखाची सावध बाई! आठ दिवस दिले.

२० जानेवारी
पत्र आलं. 'पाहणी केलेल्या भागात बिळाची नोंद नाही.' चला, सुटलो! प्रस्तावात 'बीळ नाही' असं टाइप करून घेतलं. वनक्षेत्रपाल म्हणून सही ठोकली.

२२ जानेवारी
जेसीबी लागला. माळावर मेंढरं चारणाऱ्या छबूबाई आडव्या आल्या. "सायेब, वढ्याच्या कडंला नका खनू. लांडगीन व्यालीया तितं." मी म्हटलं, पाहणी झालीय, बाजूला व्हा. "मला कुनी इचारलं?" एवढं बोलून गेल्या. काम थांबवलं नाही. ओढ्याकडचा भाग उद्या.

२३ जानेवारी
चार पिल्लं, मेलेली. डोळे नुकते उघडलेले. मातीतून मीच काढली. लांडगीण पलीकडच्या काठावर उभी, हलेचना.
मॅडम आल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "सर, नोंद नाही म्हणजे मला सापडलं नाही. बीळ नाही, असं मी कुठं लिहिलं?" मी म्हटलं, मग तसं स्पष्ट लिहायचं! बोललो आणि लाज वाटली. कालच मला कळलं होतं की. त्यांना सांगितलं नाही.

२७ जानेवारी
पिल्लांचे फोटो मोबाईलवर फिरतायत. चौकशी लागली. वरच्या साहेबांचा कल दिसतोय — पाहणीच चुकली म्हणायचं, मॅडमचा माळावर फिरायचा परवाना रद्द करायचा. सहा वर्षांचं काम त्यांचं! मी गप्प बसलो. शुक्रवारी छबूबाईंचाही जबाब आहे. त्या सांगतीलच. मी नाकारणार नाही. एवढं तरी करीन.

३० जानेवारी
छबूबाई साहेबांपुढे म्हणाल्या, "म्या सायबास्नी कायबी सांगितलं न्हवतं." मी शिकवलं नव्हतं, शपथेवर! बाहेर गाठून विचारलं, असं का केलंत?
"मेंढरं तुमच्याच रानात चरत्यात न्हवं, सायेब."