फाटकापाशी थरथरणारी गाडी

१९ ऑक्टो., शनि.

दसऱ्याच्या सकाळी विहिरीच्या मोटारीला पाइप लावून गाडी धुतली होती. बॉनेट उघडून आतलं इंजिनसुद्धा. देवापुढं मांडायची वस्तू अर्धी धुऊन कशी मांडावी? लोकर कातरायच्या कात्र्या, कुऱ्हाड आणि गाडी, सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं. तेव्हा बरं वाटलं होतं.

दोन-तीन दिवसांत ती थरथरायला लागली. पळताना ठीक. उभी राहिली की गचके खाते, मग गप्प. आज लेकीला, वैशूला, परळीत दाखवून येताना रेल्वेचं फाटक पडलेलं. कोळशाची मालगाडी. तेवढ्यात गाडी बंद. फाटक उघडलं तरी चालू होईना, मागं हॉर्नचा गोंगाट. मागचा ट्रकवाला खाली उतरून म्हणाला, "मामा, हॉर्न ऐकून चालू व्हती का ती? ढकला की." वैशू पोट धरून रस्त्याच्या कडेला उभी.

पहिलं बाळंतपण म्हणून ओटी भरून आणली आहे तिला. मूल पोटात आडवं आहे. डॉक्टरीणबाईंनी आज मला वेगळं बोलावून सांगितलं, कळ आली की तसंच निघायचं, अंबाजोगाईला मोठ्या दवाखान्यात. वाट बघायची नाही.

वाटेत फाटक आहे, हे त्यांना सांगायचं राहिलं.

२० ऑक्टो., रवि.

मेंढरं सोडायच्या आधी गाडी चालू करून बॉनेटवर हात ठेवला. आजारी मेंढीच्या बरगडीवर ठेवतो तसा. मधूनच एक श्वास चुकतो. किती वेळ उभा होतो कळलं नाही. बायको, सुमन, म्हणाली, "देवाला सांगा, अन् मिस्त्रीलाबी सांगा." तिला डॉक्टरीणबाईंचं पूर्ण सांगितलेलं नाही.

दवाखान्याच्या सरकारी गाडीला फोन लावता येईल. पण तीही फाटकापलीकडूनच येणार.

२२ ऑक्टो., मंगळ.

रफिक मिस्त्रीकडं नेली. त्यानं हवेचा फिल्टर काढून आपटला, राखेचा ढीग पडला. परळीच्या वीजकेंद्राची राख सगळ्यांच्याच छातीत जाते. "मामू, हे फिल्टर हाय का चूल?" म्हणाला. हवा जायची वाटही आतून साफ केली. गाडी गुमान उभी राहिली. देवाला हात जोडले.

गावात शिरताना पारापाशी पुन्हा गचका. घरात कुणाला बोललो नाही.

२४ ऑक्टो., गुरु.

पुन्हा रफिक. आज त्यानं इंजिन चालू ठेवून एकेक कॉइल सोडवून बघितली. कॉइल म्हणजे प्लगला ठिणगी देणारी. एक सोडवली, इंजिन धडपडलं. दुसरी, तसंच. तिसरी सोडवली तर काहीच फरक नाही. "ही हजेरी लावती, काम करत न्हाई," म्हणाला. प्लग बसतो त्या खोबणीत बघतो तर पाणी. गंज चढलेला.

"इंजिन धुतलं व्हतं का?"

दसऱ्याचं सांगितलं. तो हसला. "मामू, देव वरून बघतो. बॉनेट उघडून न्हाई बघत."

मला हसू आलं नाही. भक्तीनंच केलं होतं. फाटकापाशी लेक उभी राहिली ती माझ्या त्या भक्तीपायी, हे मनातून जाईना.

नवा प्लग, नवी कॉइल. आता इतकी शांत उभी राहते की चालू आहे का हे बघायला कान लावावा लागतो.

२६ ऑक्टो., शनि.

रिकामी गाडी घेऊन मुद्दाम फाटकावर गेलो. फाटक पडलेलं. इंजिन चालूच ठेवलं. एक मालगाडी गेली. फाटक उघडेना. उलट बाजूनं दुसरी आली, तीही लांबलचक. गाडी एकदाही थरथरली नाही.

इंजिन चांगलं असूनही मी जागचा हललो नव्हतो. इतके दिवस भीती गाडीची आहे असं समजून चाललो होतो. गाडी दुरुस्त झाली, आता

पुढं लिहवत नाही.

२८ ऑक्टो., सोम. वसुबारस.

वैजनाथाला जाऊन आलो. काही मागितलं नाही, नुसता बसलो. संध्याकाळी सुमननं गाय-वासरू पूजलं. पूजा झाल्यावर तिला सगळं सांगितलं, डॉक्टरीणबाईंचंही. म्हणालो, वैशूला सासरी, अंबाजोगाईला पोचवू. तिथून दवाखाना चालत जाण्याइतका.

तिनं ताट खाली ठेवलं. मग म्हणाली, "ओटी भरून आणलेली लेक लेकरू घेऊनच माघारी जाती. ऐन दिवाळीत धाडली तर लोक म्हणतील, बापाला जड झाली."

"म्हणू दे."

वैशू दारातच होती. "आण्णा, मला आईजवळ ऱ्हायचंय." एवढंच बोलून आत गेली. तिला काय सांगणार? आडवं म्हणजे काय ते तिला नीट माहीत नाही. ते मी सांगू शकत नाही.

विहीणबाईंना फोन केला. त्यांनी विचारलं, गाडी नीट न्हाई म्हून का? क्षणभर वाटलं, हो म्हणावं. तेवढ्यानं लाज राखली असती. पण म्हणालो, गाडी चांगली हाय. "मग कावून?" म्हणाल्या. मी म्हणालो, मला भ्या वाटतंय. मग म्हणाल्या, आणा.

२९ ऑक्टो., मंगळ.

सुमननं पुन्हा ओटी भरली. रडली नाही. शेजारणी दारात येऊन बघत होत्या. फाटक आज उघडं होतं. वैशूनं तेवढं बघितलं आणि माझ्याकडं बघितलं.

विहीणबाई ओवाळून टाकायचा भाकरतुकडा घेऊन दारात आल्या. ओवाळताना त्यांची नजर तिच्या रिकाम्या हातांवर गेली. मी खाली बघितलं. पिशव्या ओसरीवर ठेवल्या. चहाला थांबा म्हणाल्या, थांबलो नाही.

वैशू उंबऱ्यावरून म्हणाली, "काय झालं तर फोन आईला करीन."

बरं म्हणालो. लेकीला सोडून आलो.