खुर्चीची जागा

३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तू पुन्हा पलंग हलवलास हे वाचून नवल वाटलं नाही. आयुष्यभर नाटक कंपनीत नेपथ्य लावलंस, म्हणून निवृत्तीनंतरही घराचे प्रवेश बदलत बसायचं? मागे तुझ्याकडे आले होते, तेव्हा सकाळी जिथे मोकळी वाट होती तिथे दुपारी तिपाई उगवली आणि माझी नडगी तिला जाऊन भेटली. ती अजून कुरकुरते.

इकडे सगळं ठीक. परवा न्हाणीघरात जरा बसले. म्हणजे बसायचं ठरवलं नव्हतं, पण फरशी ओली होती आणि सपाता तिला फितूर झाल्या. लेक उगाच बाऊ करते आहे. तिचं पत्र आलंच तर अर्धंच खरं धर. शाळेतल्या पोरींना कवायत शिकवलेली बाई मी, पडायचं कसं तेही मला येतं.

पत्र लांबलचक लिही. माया आहे तशीच राहू दे, सामानासारखी हलवू नकोस.

तुझी ताई

९ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

आईने ‘जरा बसले’ असं कळवलं असणार. ती दुपारभर न्हाणीघरात पडून होती. शेजारच्या काकूंनी हाक मारली आणि आतून क्षीण ओ आली, तेव्हा कुठे कळलं. हाड मोडलं नाही एवढंच नशीब. मनगट सुजलंय, मांडी काळीनिळी झालीय. डॉक्टरांनी तिला एकटीने राहायला साफ मनाई केली आहे. काठी आणून दिली तर तिने ती छत्र्यांच्या शेजारी उभी करून ठेवली.

माझं घर वरच्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि माझी नोकरी पाळ्यांची. वृद्धाश्रमाचं नाव काढलं तर आईने माझ्याशी बोलणंच टाकलं. तिला तुझ्याकडे यायचंय, पण ती जीव गेला तरी विचारणार नाही. म्हणून मीच विचारते. मात्र मामा, तुझ्या घरात कुठलीच वस्तू एका जागी टिकत नाही. तिथे ती पुन्हा पडेल, आणि या वेळी उठेलच असं नाही. मला भीती वाटते रे. घरातलं सामान हलवण्याची हौस सोडशील का?

रागावू नकोस. लाडकी आहे, तर लाडकीच ठेव.

तुझी भाची

१७ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

दुपारभर बसली होतीस म्हणे. एवढा वेळ तर तू माझ्या नाटकालाही कधी बसली नाहीस. ते असो. तू माझ्याकडे राहायला ये.

मी कामाला लागलोय. काळोखात नट ठेचकाळू नयेत म्हणून रंगमंचावर चकाकणाऱ्या पट्ट्या लावायचो ना, तसल्या उंबऱ्याला, पायरीच्या कडेला आणि तुझ्या पलंगापासून न्हाणीघरापर्यंत लावल्या. न्हाणीघरात धरायला दांडे बसवले. सुताराने लोंबकळून त्यांची परीक्षा घेतली. सतरंज्या माळ्यावर गेल्या. दिव्याचं बटण तुझ्या उशाशी आणलं.

मग रंगीत तालीम. तू इथे विसरलेला चष्मा लावला, खिडक्या लावून घेतल्या आणि तुझ्या तोऱ्यात निघालो. सगळं झकास जमलं, आणि शेवटी माझ्या झिजलेल्या सपातांनी मलाच आडवं केलं. सुताराने हसू दाबत उचललं. त्या सपाता कचऱ्यात गेल्या. दोघांसाठी मागे पट्टा असलेल्या नव्या आणल्यात.

कपाट, पलंग, तिपाई, सगळ्यांच्या जागी खुणा केल्या. एक खुर्ची राहिली. तुझ्या भावजयीची, ती जड लाकडी. ताई, तुम्हा सगळ्यांना वाटतं मला सामान हलवायची हौस आहे. हौस नाही. ती गेल्यापासून ही खुर्ची जिथे ठेवतो तिथे रिकामी दिसते. म्हणून हलवतो. ती हलवली की पलंग हलवावा लागतो, मग कपाट. तू अडखळू नयेस म्हणून तिलाही एकच जागा हवी, हे कळतं. पण पट्टी हातात घेऊन बसलो की हात चालत नाही.

तूच सांग कुठे ठेवू. आशीर्वाद सढळ हाताने पाठव.

तुझा धाकटा

२२ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद, या खेपेस सढळ हाताने.

तुझं पत्र वाचून रडले. इतकी वर्षं तुझी टिंगल केली आणि एकदाही विचारलं नाही.

येते. पण पेशंट म्हणून नाही, बाई म्हणून. सपाटीवर आडव्या होणाऱ्या माणसाला कवायतीची गरज आहे. रोज सकाळी आधाराला धरून एका पायावर उभं राहायचं, टाचा उचलायच्या, हात न टेकता उठायचं-बसायचं. डॉक्टरांनी मला हेच सांगितलंय, आणि वर्गात विद्यार्थी नसला तर मला शिकवता येत नाही. काठीही आणते, छत्र्यांना तिची आठवण येईल.

खुर्चीचं म्हणशील तर, पलंग आणि न्हाणीघर यांच्या मध्ये मला टेकायला काहीतरी लागेल. तिथे भिंतीला लावून ठेव. खूण मात्र मी आल्यावर कर.

जिव्हाळा सांभाळ आणि पायाखाली बघ.

तुझी ताई

८ मार्च

चि. भाचीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी आई सुखरूप आहे आणि मला छळते आहे. सकाळी मी खुर्चीच्या पाठीला धरून एका पायावर उभा असतो आणि ती शिट्टी वाजवते. शेजारी विचारतात, घरात रेफ्री ठेवलाय का.

आल्या दिवशीच तिने मला पट्टी घेऊन जमिनीवर बसवलं आणि स्वतः त्या खुर्चीत जाऊन बसली. खुणा करायच्या तर जरा ऊठ म्हटलं, तर उठेना. म्हणाली, मी बसलेली असतानाच कर. मी तिच्या पायांपाशी बसून खुर्चीच्या चारही पायांना पट्टी लावली. पट्टी वाकडी लागली आहे. तशीच ठेवली.

तेव्हापासून घरात काही हलवलेलं नाही. हलवावंसं वाटलं नाही. वाटलं असतं तरी उपयोग नव्हता, त्या खुर्चीवरून ती उठते कुठे?

सवड काढून ये. येताना मागे पट्टा असलेल्याच सपाता घाल, नाहीतर बाई दारातून परत पाठवतील.

तुझा मामा