रंग उतरवायचा राहिला

२ मार्च
आले एकदाची! स्टुडिओशेजारीच दोन खोल्या मिळाल्या, शिवाय एक अडगळीची खोली. खिडकीखाली नाला वाहतो, पण नळाला पाणी आहे, मग नाकाने थोडं सोसावं. वर्षभरात तीन सिनेमे, तिन्ही भूमिका वेगवेगळ्या! आईला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, आधी वेळेवर जेवत जा.

२० एप्रिल
मुकी धोबीण संपली. इथल्या मेकअपवाल्या मावशींचा एक नेम आहे. भूमिका संपली की चेहरा त्याच पुसतात, आरशात बघायला लावतात आणि विचारतात, "कोण बसलंय?" आपण आपलं नाव सांगायचं, मगच उठायचं. मला हसू आवरेना. त्यांनी माझी हनुवटी धरली ती नाव ऐकूनच सोडली.

११ ऑगस्ट
खडूस मुख्याध्यापिकाही पुसून झाली. दोन महिने शेजारच्या पोरांवर उगाच डाफरत होते. नाव सांगितलं आणि ते थांबलं. योगायोग असेल. आता खरी मोठी भूमिका: धाकट्या बहिणीला कोंडून ठेवून, विचारेल त्याला "ती कालच गेली" असं गोड हसून सांगणारी थोरली. ती डावखुरी, म्हणून डाव्या हाताने जेवतेय. निम्मं अंगावर सांडतं.

१४ नोव्हेंबर
शेवटचा शॉट झाला. आतून "ताई" अशी हाक येते, आणि मी खिडकी उघडून किल्ली खाली टाकते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.
माझी धाकटी राहायला यायची होती, गाडीची वेळ झालेली, मावशी जेवायला गेलेल्या. कोण थांबतंय? टॅक्सीतच ओल्या रुमालाने तोंड पुसलं. फलाटावर धाकटी मला ओलांडून पुढे गेली, मग वळून म्हणाली, "ताई, तूच ना?"

१५ नोव्हेंबर
चहा डाव्या हाताने ओतला. थेंबही सांडला नाही. धाकटीचं हसणं डोक्यात जातंय. ती माझी लाडकी आहे. लिहून ठेवते.

१६ नोव्हेंबर
मावशी बाहेरगावी गेल्यात. धाकटीला म्हटलं, आजच घरी जा. ती म्हणाली, आत्ता तर आले, डोकंबिकं फिरलंय का तुझं. मी रागावले नाही. गोड हसले. मला माझीच भीती वाटली.

१८ नोव्हेंबर
आईचा फोन. धाकटी फोन उचलत नाही, म्हणाली.
"ती कालच गेली," मी म्हटलं. पाठच होतं.
मागे अडगळीच्या दारावर थापा—

१९ नोव्हेंबर
मावशींना फोन लागला. निघाल्यात, पण संध्याकाळ होईल. तोवर आरशासमोर बस, म्हणाल्या, नाव सांग, मग कुलूप उघड.
किल्ली डाव्या मुठीत. मूठ उघडत नाही. उजव्या हाताने लिहितेय.
नाव आठवत नाही. ओळखपत्रावरचं वाचलं— कुणाचं तरी आहे.
धाकटीला माहीत असेल. दाराशी जाऊन विचारलं, मी कोण?
आतून म्हणाली, "ताई."
जन्मभर ताईच म्हणत आली— सिनेमातली धाकटीही हेच— आणि मी खिडकी उघ—