न आलेला निरोप

प्रिय रवी,

जयभीम. तू फोन बंद करून ठेवला, म्हणून कागद घेतला. यवतमाळच्या दवाखान्यात बाबाच्या वॉर्डाबाहेर बाकावर बसून लिहून राह्यली. उद्या सकाळी दहाले डॉक्टर बाबाच्या घशातली नळी काढणार हायेत. स्वतःच्या दमानं श्वास घेतला तर जिंकलो, म्हणाले. नाई घेतला तर काय, हे विचारायची माझी हिंमत नाई झाली. आई तिकडे खिडकीपाशी उभी हाय. अकरा दिवसांत तुझं नाव तिच्या तोंडून निघालं नाई. निघेल कसं? तिले वाटते, फोनवर निरोप आला अन् तू पाह्यलाच नाई.

माझा तो प्रोग्राम आतून कसा चालते, हे तुले कधी सांगितलं नव्हतं. खाणीच्या धुळीनं छाती गेलेल्या बाबाच्या बोटाले लावलेल्या चिमट्यातून दर दहा मिनिटांनी ऑक्सिजनचा आकडा घ्यायचा, नव्वदच्या खाली गेला की तुले निरोप धाडायचा. मी संगणकाच्या एलिक्सिर भाषेत लिहिते. त्यात असं काम स्वतःच स्वतःले सांगून ठेवते, दहा मिनिटांनी पुन्हा उठ म्हणून. हे सांगणं मी सगळ्यात शेवटी ठेवलं, आकडा हाती आल्यावर. काम कोसळलं तर त्याले पुन्हा उभं करणारा पहारेकरी त्या भाषेत असते, त्याचा मले भारी माज. पण आपल्या राजूरचं नेट! उत्तराले उशीर झाला की काम सारखं पडे. मग वैतागून मी वाट पाहायची मर्यादाच काढून टाकली, कितीही वेळ थांब म्हटलं. त्या मंगळवारी सव्वाबाराले त्यानं आकडा मागितला, उत्तर आलं नाई, अन् ते जे थांबलं ते थांबलंच, पुन्हा उठायचं सांगणं राहूनच गेलं. पडलं नाई, म्हणून पहारेकऱ्याले काही कळलं नाई. आई वावरात निंदनाले गेलती, तू वणीले गॅरेजात, मी कामावर. चार वाजता शेजारची रामीबाई ताक घेऊन आली, तवा बाबाचे ओठ निळे पडले होते.

तू तर आधीच म्हणाला होता, ताई, सगळं ठीक असलं तरी तासातासाले एक निरोप येऊ दे. मी हसली तुले. बाबा खाणीत होता तवा आपल्या घरची रीत काय होती? खाणीवरून कोणी सांगत आलं नाई म्हणजे माणूस सुखरूप. त्याच रीतीनं मी प्रोग्राम लिहिला. मोठी शहाणी!

मले सगळं त्याच संध्याकाळी दिसलं होतं रे. तरी आईनं विचारलं तवा तोंडातून निघून गेलं, प्रोग्राम तर बरोबर चालू होता. मग आई चारचौघांत तुले म्हणाली, माझ्या डोळ्यासमोर येऊ नको. तू फोन पुढे करून दाखवत होता, निरोप आलाच नाई म्हणून, अन् सगळे म्हणाले, पुसून टाकला असंन. मी तिथंच उभी होती. माझी मलेच लाज वाटते.

आज सकाळी बाबानं माझ्या तळहातावर बोटानं तुझं नाव काढलं. इथवर लिहून मी उठली अन् आईले सगळं सांगून आली. तिनं पदर खोचला, चपला घातल्या, अन् आता माझ्या डोक्यावर उभी हाय, आटप लवकर, वणीची गाडी जाईल म्हणते. हे पत्र तिच्याच हातून येऊन राह्यलं. दार उघड अन् तिच्यासोबत निघ. मले काय बोलायचं ते इथं येऊन बोल. पण आईले माफी मागता येत नाई, तिले मागायले लावू नको.

तुझीच,
ममताताई